पुलाच्या मधली फट: स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावरचे बिडाचे पूल

प्रश्न थोडक्यात असा: बर्मिंगहॅममध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने लॅपवर्थजवळ स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन कालव्यावर एक इवलासा लोखंडी पूल पाहिला. पूल बरोबर मध्यावर दुभंगलेला, दोन अर्ध्यांच्या मधे बोटभर फट, फटीतून खालचं पाणी दिसतं. हा एक्स्पान्शन जॉइंट (उष्णतेने लोखंड वाढायला ठेवलेली जागा) आहे, तडा आहे, की कुणी दुरुस्ती अर्धवट सोडली? आणि पुढच्या महिन्यात पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, तर त्यांना तिकडे न्यावं का, आजूबाजूला काय दाखवावं?

विटांचे आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, जुने पूल तपासणं हेच माझं काम, आणि त्यातली बरीच वर्षं मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये गेली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही अंदाज चुकीचे आहेत. ती फट दोरासाठी ठेवली आहे.

हे कळायला आधी आपल्याकडचा कालवा डोक्यातून काढावा लागतो. आपल्याकडे कालवा म्हणजे धरणातून शेताकडे जाणारं, वाहतं पाणी. इंग्लंडचे हे कालवे मालवाहतुकीसाठी खणलेले आहेत. पाणी जवळजवळ उभं असतं, आणि जमीन उतरू लागली की लॉक येतं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली विटांची अरुंद खोली. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडायचं किंवा भरायचं, आणि बोट खालच्या नाहीतर वरच्या पातळीला न्यायची. या भागातली लॉक जेमतेम ७ फूट रुंद आहेत, म्हणून इथली मालवाहू बोट, म्हणजे नॅरोबोटही तेवढ्याच रुंदीची आणि लांबीला ७० फुटांच्या आसपास. इंजिन नव्हतं तेव्हा अशी वीस-पंचवीस टन कोळसा भरलेली बोट एकच घोडा ओढायचा. घोडा काठाच्या वाटेवरून, म्हणजे टोपाथवरून चाले, आणि त्याच्यापासून बोटीपर्यंत लांबलचक सुती दोर असे.

आता पुलाचा प्रश्न येतो. नेहमीच्या विटांच्या कमानी पुलाखालून टोपाथही जातो. घोडा, दोर, बोट सगळं कमानीखालून निघून जातं, काही अडत नाही. पण तशी कमान बांधायची तर पाण्याच्या रुंदीत घोड्याच्या वाटेची रुंदी मिळवावी लागते, शिवाय घोड्याच्या डोक्याला लागू नये इतकी उंचीही हवी. मोठी कमान म्हणजे जास्त विटा, जास्त भराव, जास्त पैसे. उलट लॉकच्या खालच्या तोंडाशी दोन्ही भिंती आयत्याच सात फुटांवर समोरासमोर उभ्या असतात. त्या भिंतींवरच पूल टाकला तर खर्च नगण्य. अडचण एवढीच की त्या पुलाखाली टोपाथला जागा नाही. घोडा पुलाला वळसा घालून बाहेरून जातो, बोट पुलाखालून जाते, आणि दोर मधे पुलाला अडकतो.

मग दोर सोडायचा, पुलाखालून घ्यायचा, पुन्हा बांधायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण या कालव्यावर दर थोड्या अंतराला लॉक आहे, आणि भरलेली बोट उभी राहिली की तिला पुन्हा हलवणं हाच घोड्याचा सगळ्यात मोठा त्रास. म्हणून पुलाचे दोन अर्धे केले. दोन्ही काठांच्या विटकामातून बिडाचे हात पुढे काढले आणि ते मधे एकमेकांना टेकू दिले नाहीत. इंचभर फट ठेवली. घोडा बाहेरून चालत राहतो, दोर कठड्यांमधल्या फटीतून सरळ आत उतरतो आणि पलीकडे निघतो. गाठ सोडावी लागत नाही, घोड्याला थांबावं लागत नाही.

तुमच्या एक्स्पान्शन जॉइंटच्या शंकेचं गणित कागदाच्या कपट्यावर होतं. अर्धा पूल धरा सव्वा मीटर. बिडाचा प्रसरणांक अंशाला साधारण दहा लाखांत ११ भाग. तापमानात ४० अंशांचा फरक धरला तरी एका अर्ध्याची लांबी बदलते अर्धा मिलीमीटर. दोन्ही मिळून एक. त्यासाठी कुणी पंचवीस मिलीमीटरची फट ठेवत नाही.

तुम्ही स्ट्रक्चर्स शिकत असाल तर यातली खरी गंमत पुढे आहे. सर्व लांबीवर सारखं वजन धरा. साध्या टेकवलेल्या तुळईत मध्यावर बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचं वजन, एल म्हणजे लांबी). हाच पूल मधे कापून दोन कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेले हात केले, तर प्रत्येकाच्या मुळाशी येणारा मोमेंट काढून पाहा: लांबी निम्मी, सूत्रात भागिले दोन, उत्तर पुन्हा डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ. आकडा तोच, जागा बदलली. मध्यावरचा जोर काठावर गेला, आणि काठावर तर भरभक्कम विटकाम आहेच. तिथे हात जाड करता येतो, टोकाकडे निमुळता करता येतो. खालून पाहिलंत तर हातांचा आकार अगदी तसाच दिसेल: मुळाशी खोल, फटीकडे बारीक. ज्याने हे ओतून घेतलं त्याच्यापुढे आपलं पाठ्यपुस्तक नव्हतं, पण जोर कुठे येतो हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

एकवटलेल्या वजनाचं मात्र तसं नाही. मध्यावर एकच चाक उभं केलं, त्याचं वजन पी धरलं, तर अखंड तुळईत मोमेंट पी एल भागिले चार, आणि कापलेल्या पुलात सगळा भार एकाच हाताच्या टोकावर येतो म्हणून पी एल भागिले दोन. दुप्पट. म्हणूनच हे पूल मुख्यतः माणसांसाठी. जड गाड्यांसाठी ती विटांची कमानच बरी.

त्यात बीड म्हणजे ताणाला कच्चं. दाबात ते कितीतरी पट जास्त घेतं, पण ताण आला की न वाकता, आधी काही न सांगता तुटतं. घरातला बिडाचा तवा फरशीवर पडला की पोचा येत नाही, सरळ तुकडा उडतो, तसंच. कॅन्टिलिव्हरमध्ये ताण येतो वरच्या बाजूला आणि तोही मुळाशी, म्हणजे नेमका विटकामात गाडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. त्या भागाला खाली धरून ठेवतं ते वरच्या विटांचं वजन. विटकाम ढिलं झालं, चुना वाहून गेला, एखाद्या झाडाचं मूळ सांध्यात शिरलं, की हात किंचित झुकतो. त्यामुळे अशा पुलावर गेलो की मी कठड्याचा रंग वगैरे नंतर बघतो, आधी फट मोजतो: वरच्या कडेला, खालच्या कडेला, दोन्ही टोकांना. फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली असेल तर, किंवा एका अर्ध्याची कड दुसऱ्यापेक्षा खाली गेली असेल तर, काठात काहीतरी हललं आहे. अखंड पूल इतकं सरळ बोलत नाही. मागची नोंद आणि आजचं माप शेजारी ठेवलं की निम्मा अहवाल तिथेच तयार होतो.

दुरुस्तीबद्दल एकच सांगतो, कारण हा चुकीचा प्रकार अजूनही दिसतो. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात. चुना मऊ असतो, थोडं हलणं सोसतो आणि आतला ओलावा बाहेर जाऊ देतो. सांधे उकरून त्यात कडक सिमेंट भरलं की ओलावा विटेतून वाट काढतो, थंडीत गोठतो, आणि दोन-चार हिवाळ्यांत विटांचे चेहरे पापुद्र्यासारखे सुटतात. सांधा शाबूत आणि वीट खाल्लेली दिसली, तर समजा की कुणीतरी सिमेंट वापरलं आहे.

असे दुभंगलेले पूल इंग्लंडमध्ये इतरत्रही अधूनमधून आहेत, पण स्ट्रॅटफर्ड कालव्याच्या दक्षिण भागात ते एवढे आहेत की तो त्या कालव्याचा शिक्का झाला आहे. दुसरीकडे वेगळे उपाय केले. उत्तरेकडच्या मॅकल्सफील्ड कालव्यावर टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो तिथे दगडी पूल असा गोल वळवला आहे की घोडा चढतो, पलीकडे उतरतो आणि वळून त्याच पुलाखालून जातो, दोर न सोडता. ते पूल दिसायला फार देखणे. पण माझं मत विचाराल तर अक्कल जास्त या फटीत आहे, कारण ती जवळजवळ फुकट आहे.

आणि फुकटाची गरज होतीच. या कालव्यासाठी संसदेने कायदा मंजूर केला १७९३ साली, खोदाई बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला किंग्ज नॉर्टनपासून सुरू झाली, १७९६ मध्ये हॉकली हीथपर्यंत येऊन पैसे संपले. तेव्हा फ्रान्सशी युद्ध चालू, महागाई चढलेली. रडतखडत १८०२ मध्ये किंग्जवूडला दुसऱ्या कालव्याशी जोड मिळाली, आणि पुन्हा दहा वर्षं सगळं थंड. पुढचा टप्पा १८१२ साली हाती घेतला गेला तो विल्यम जेम्स या माणसाच्या हट्टापायी आणि पैशापायी. कालवा स्ट्रॅटफर्डला पोचला १८१६ मध्ये. साडेपंचवीस मैलांना तेवीस वर्षं. दक्षिण भागात जिथे तिथे काटकसर दिसते ती यामुळे. पूल अर्धे, लॉक एकेरी, आणि राखणदारांची घरं अर्धगोल छपराची. ही घरं जरूर बघा: छप्पर म्हणजे विटांची आडवी कमान, जणू पूलच भिंतींवर ठेवून दिलाय. पूल बांधणाऱ्या गवंड्यांनी कमानीचेच लाकडी साचे छपराला वापरले, असं सांगतात. कागदोपत्री पुरावा असो-नसो, साच्यांचा खर्च वाचवायचा तर मीही तेच केलं असतं.

याच कालव्यावर छोट्या पुलांनी दोनदा सगळ्या कालव्याचं भवितव्य ठरवलं, आणि ही गोष्ट इंजिनिअरिंगच्या वर्गात कुणी सांगत नाही.

पहिली वेळ १९४७ ची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कालवा रेल्वे कंपनीच्या हातात गेला होता, आणि रेल्वेला कालवा जगवण्यात काय रस असणार? किंग्ज नॉर्टनजवळचा एक लहान उचलपूल काढून तिथे न उचलता येणारा लोखंडी पूल टाकला होता. खालून बोट जाईना. पण कालव्यावरून जाण्याचा हक्क कायद्याने शाबूत होता. बोटीवरच राहणारे इंजिनिअर-लेखक टॉम रोल्ट यांनी रीतसर कळवलं की माझी बोट अमुक दिवशी येणार. त्याआधी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात यावर प्रश्न विचारला गेला होता आणि सूचना मिळाल्यास पूल उचलू असं उत्तर सरकारी बाजूने आलं होतं. शब्द पाळणं भाग होतं. रेल्वेची माणसं आली, जॅक लावून पूल वर उचलला, बोट खालून गेली. रोल्ट आणि रॉबर्ट आयकमन यांनी आदल्याच वर्षी कालवे वाचवण्यासाठी संघटना काढली होती, तिला याहून चांगली जाहिरात मिळाली नसती.

दुसरी वेळ विल्मकोटची. तिथला रस्त्याचा पूल मोडकळीला आला होता आणि नव्याने बांधायचा होता. खालून बोटी जाणार असतील तर उंच पूल, उंच पूल म्हणजे जास्त खर्च. वॉरविकशर काउंटी कौन्सिलने १९५८ मध्ये सोपा मार्ग काढला: दक्षिण कालवा तीन वर्षं कुणी वापरलेलाच नाही, तो अधिकृतपणे बंद करा. दावा पटण्याजोगा होता, कालव्यात गाळ आणि गवत माजलं होतं. पण कुणीतरी मधल्या काळात छोट्या कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या होडीतून, तो पार केला होता, आणि त्यासाठी भरलेल्या टोलची पावती जपून ठेवली होती. तीन वर्षं वापर नाही हे म्हणणं त्या पावतीने पाडलं. मे १९५९ मध्ये मंत्र्यांनी कालवा बंद करायला नकार दिला. सरकारी कामात पावती का जपावी हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने दक्षिण भाग चालवायला घेतला आणि डेव्हिड हचिंग्ज यांनी तो उभा केला. मार्च १९६१ ला काम सुरू, १३ मैल, ३६ लॉक. हात कुणाचे? स्वयंसेवक, सैनिक, स्काउटची मुलं आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातले कैदी. ११ जुलै १९६४ ला राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. आज जे बंद पडलेले कालवे इंग्लंडभर माणसं सुट्टीच्या दिवशी खणून काढताना दिसतात, त्यांना हे होऊ शकतं हे याच कामाने दाखवलं. १९८८ पासून तो सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडे होता, २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. घोडे केव्हाच गेले, दोर गेले, पण फटी बुजवलेल्या नाहीत. यातले कित्येक पूल संरक्षित वास्तूंच्या यादीत आहेत, त्यामुळे बुजवू म्हटलं तरी कुणी बुजवू देणार नाही.

आता आई-बाबांचं. जरूर न्या, पण तुम्ही जसे धावतपळत पाहता तसं नको. लॅपवर्थ स्टेशनला उतरा, तिथून किंग्जवूडचा कालवेसंगम चालत जवळच आहे. दोन कालवे, बोटींची वर्दळ, लॉकची रांग आणि पहिले दुभंगलेले पूल सगळं एका आवारात मिळतं. ज्येष्ठांना गुडघ्यांचा त्रास असेल तर एवढंच पाहून परत फिरलात तरी चालेल. बोट लॉकमधून उतरताना पूर्ण बघा. एका खेपेला सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली जातं, बाबांना तो आकडा सांगा आणि मग अर्लस्वूडच्या तलावांबद्दल सांगा, जे मुद्दाम या कालव्याच्या पाण्यासाठी बांधले.

चालण्याची हौस असेल तर दक्षिणेला लोसनफर्डपर्यंत जा. वाटेत काही अंतर एम-४० महामार्गाची घरघर पिच्छा सोडत नाही, त्याची मनाची तयारी ठेवा. ती मागे पडली की एकदम गाव लागतं. ३१ नंबरच्या लॉकशी अर्धगोल छपराचं घर आहे, ते लँडमार्क ट्रस्टने नीट जपलंय आणि सुट्टीला भाड्याने देतात. गावातल्या फ्लर द ली पबची ख्याती ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या इंग्रजी पदार्थासाठी आहे.

विटांच्या जुन्या कमानींखालून जाताना कोपऱ्यांवर हात फिरवा. दोराने पडलेले खोबण लागतील, काही इतके खोल की हाताचं बोट आत जातं. सुती दोर कापणार किती, असं वाटतं, पण ओल्या दोराला टोपाथची वाळू चिकटायची आणि तो कानशीसारखा चालायचा. नंतर कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, तर त्यांच्यातही खाचा पडल्या. दुभंगलेल्या पुलांच्या कडांवरही ही झीज शोधा.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर विल्मकोट. बर्मिंगहॅमहून स्ट्रॅटफर्डला जाणारी गाडी तिथे थांबते आणि स्टेशन कालव्याला लागूनच आहे. शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं गाव हेच, त्यामुळे आईंना कालव्यात रस नसला तरी दिवस वाया जाणार नाही. तिथून ११ लॉकची उतरंड आहे आणि साधारण साडेतीन मैलांवर कालवा थेट स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहासमोरच्या बॅन्क्रॉफ्ट धक्क्यात येतो. विल्मकोटच्या उत्तरेला एडस्टोनचा जलसेतू आहे, ४७५ फूट लांब, बिडाच्या हौदाचा, रस्त्यावरून आणि रेल्वेवरून कालवा नेणारा. तिथे चालण्याची वाट पाण्याच्या पातळीला नाही, हौदाच्या तळाशी आहे. म्हणजे बोट तुमच्या खांद्याजवळून सरकते. उंचीची भीती असणाऱ्यांनी पलीकडच्या बाजूला खाली बघू नये, तिकडे साधा कठडाच आहे.

बाकी व्यवहाराचं: लॉकच्या कडेला कठडा नसतो आणि शेवाळलेल्या विटा पावसात भयंकर निसरड्या होतात, चपला नकोत. लॉकच्या दारांवरून मिरवू नका. बोटवाला लॉक उघडताना मदत मागेल, तेव्हा तो सांगेल त्या क्षणीच दाराच्या लांब तुळईला ढकला, आधी नाही. सायकलची घंटा ऐकू आली की पाण्याच्या बाजूला सरकू नका, कुंपणाच्या बाजूला व्हा. आणि पुलावर उभं राहून फटीतून खाली फोटो काढायचा मोह होईल तेव्हा फोन दोन्ही हातांनी धरा, कारण आडवा धरला तर तो अडतो, पण उभा सुटला की थेट लॉकच्या तळाला.